“आज रात्री वीज तोडणार!” घाबरू नका, आधी बिल बघा

मैत्रिणींनो, संध्याकाळी स्वयंपाकाची घाई चाललेली असते आणि मोबाईलवर निरोप येतो : ‘मागच्या महिन्याच्या बिलाची नोंद झालेली नाही. आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल. ताबडतोब आमच्या अधिकाऱ्यांना फोन करा.’ खाली एक दहा आकडी नंबर! घरात मुलांची परीक्षा, सासूबाईंना पंख्याशिवाय झोप नाही. काळजात धस्स होणारच. भामट्यांना नेमकं तेच तर हवं असतं!

२०२२ साली असे निरोप आपल्याकडे घरोघर येऊ लागले आणि महावितरणला लोकांना जाहीर इशारे द्यावे लागले. तेव्हापासून या फसवणुकीने बरीच रूपं बदलली आहेत, पण रीत तीच.

तुम्ही फोन केलात की पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलतो. “ताई, बिल भरलंत हो तुम्ही, पण आमच्याकडे नोंद दिसत नाही. फक्त दहा रुपये भरा, लगेच काम होईल.” दहाच रुपये ना, असं आपल्याला वाटतं. मग तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप मोबाईलवर घ्यायला लावतो. ही ॲप मुळात दूर बसून दुसऱ्याचा संगणक दुरुस्त करण्यासाठी आहेत. पण त्याने मागितलेला आकडा तुम्ही दिलात की तुमच्या मोबाईलचा पडदा त्याला तिकडे दिसू लागतो. दहा रुपये भरताना तुम्ही टाकलेले कार्डाचे आकडे, आलेला ओटीपी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर! कधी हेच काम व्हॉट्सॲपवर पाठवलेली ‘एपीके’ फाईल करते. ती उघडून मोबाईलवर बसवली, की बँकेचे निरोप परस्पर भामट्याच्या हाती जाऊ शकतात.

खोटा निरोप ओळखायचा कसा?

१. वेळ बघा. विद्युत कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा ‘आज रात्रीच तोडतो’ म्हणणारा खोटाच समजा.

२. कुठून आला ते बघा. महावितरणचे एसएमएस येतात ते ‘एमएसईडीसीएल’ या नावाने, कुणाच्या खाजगी दहा आकडी नंबरावरून नव्हे.

३. ग्राहक क्रमांक आहे का? महावितरणच्या बिलावर तो १२ आकडी असतो. भामट्याच्या निरोपात बहुधा नुसतं ‘प्रिय ग्राहक’ असतं. मात्र समोरच्याने क्रमांक बरोबर सांगितला म्हणून भुलू नका हं! जिन्यात पडलेलं बिल कुणीही वाचू शकतो.

४. मागतो काय? ओटीपी, पिन, कार्डामागचे तीन आकडे यांचा वीजबिलाशी काडीचा संबंध नाही. ‘जास्तीचे पैसे परत देतो, पिन टाका’ म्हणाला तर फोन खाली ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

शंका आली तर निरोपातल्या नंबरावर फोन करू नका आणि इंटरनेटवरही नंबर शोधत बसू नका. तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. कपाटातलं शेवटचं बिल काढा, पावती बघा आणि बिलावर छापलेल्या नंबरावर किंवा १९१२ वर विचारा. मुंबईत बेस्ट, अदानी वा टाटांची वीज असली तरी हाच नियम. पाइपच्या गॅसचं बिलही याला अपवाद नाही. दारात कुणी रोख पैसे मागायला आला, तर ओळखपत्र बघा आणि कार्यालयात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि पैसे गेलेच तर?

सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे. ‘हे काय म्हणतील, घरात बोलणी बसतील’ या भीतीने कितीतरी जणी गप्प बसतात. बोलणी दोन दिवसांत विसरली जातात. गेलेले पैसे मात्र तासातासाला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतात. लगेच मोबाईलचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर लावा. पैसे वाटेत असतानाच कळलं, तर ते खातं गोठवता येण्याची शक्यता असते. मग बँकेला कळवून कार्ड आणि खातं थांबवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दर मिनिटाला किंमत आहे.

एक सोपं काम आजच करा. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. त्यावर ग्राहक क्रमांक, बिलाची शेवटची तारीख, बँकेचा नंबर आणि १९३० ठळक अक्षरांत लिहा. पिन मात्र चुकूनही लिहू नका! दुपारी घरी एकटे असणारे सासू-सासरे, नुकताच मोबाईल घेतलेली कामाची बाई, सगळ्यांना हे समजावून सांगा. फसवला जातो तो घाबरलेला माणूस. खरी नोटीस आली, तर हातात पंधरा दिवस असतात. पाच मिनिटं थांबून बिल बघितल्याने कुणाच्याही घरात अंधार होत नाही.