बदामीला गाडी काढताय? परतीचा प्रवास रात्री नको

सोलापूर : बनशंकरी कुलदैवत असलेली आपल्याकडची बरीच घरं थंडीत बदामीला निघतात. विजयपूर, बागलकोटमार्गे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. तांबड्या खडकातली चार लेणी, अगस्त्य तलाव आणि गावापासून 5 किलोमीटरवर देवीचं मंदिर. उन्हाळ्यात हा खडक तापतो, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून डिसेंबर-जानेवारी बरा.

पण तोच कारखान्यांचा हंगाम. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. दर्शन उरकून रात्रीतच घर गाठायचा हट्ट जिवावर बेततो. एक मुक्काम धरा, सकाळी 22 किलोमीटरवरचं पट्टदकल बघा आणि उजेडातच परता. पौष पौर्णिमेला जत्रा असते. तेव्हा खोली आधीच ठरवून ठेवा.