सर्वनामाचे प्राथमिक अध्यापन : एक विचार

'नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम' ही व्याख्या लहान मुलांना चटकन पाठ होते. परंतु व्याख्या पाठ झाली म्हणजे सर्वनाम योजता आले, असे मात्र होत नाही. मराठीत नामाची जागा घेणाऱ्या शब्दाला त्या नामाचे लिंग व वचनही सांभाळावे लागते.

धाराशिव जिल्ह्यातील मुलांना परिचित असलेली तीनच नावे घ्यावीत : नळदुर्गचा किल्ला, त्या किल्ल्यालगत अडविलेली बोरी नदी आणि तुळजापूरचे मंदिर. पुढील वाक्यात किल्ल्यासाठी 'तो', नदीसाठी 'ती' व मंदिरासाठी 'ते' यावयास हवे. मराठी घरातील मुलाला हा भेद कानाने साधतो. जिल्ह्याच्या उमरगा तालुक्याची सीमा मात्र कर्नाटकाला भिडलेली आहे, आणि कन्नड भाषेत निर्जीव वस्तूंस स्त्री-पुरुष भेद नाही. या तिन्हींसाठी 'अदु' हे एकच सर्वनाम पुरते. तेव्हा कन्नड बोलणाऱ्या घरातील मूल नदीला 'ते' म्हणाले, तर तो निष्काळजीपणा नसून घरच्या भाषेचा नियमच त्याने पाळलेला असतो. अशा मुलास रागे भरण्याऐवजी प्रत्येक नवे नाम 'तो किल्ला', 'ती नदी', 'ते मंदिर' असे जोडीनेच शिकविणे हितावह होय.

दुसरी अडचण सर्वच मुलांची आहे. तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. म्हणून उदाहरणही कुंभाराचेच घेऊ. 'कुंभाराने मुलाला मडके दिले. त्याने ते जपून ठेवले.' येथे 'ते' म्हणजे मडके, यात संशय नाही. लिंगानेच तो फिटतो. परंतु 'त्याने' म्हणजे कोणी? कुंभाराने की मुलाने? मुलाच्या जागी मुलगी असती, तर 'तिने' या एका शब्दाने उलगडा झाला असता. दोन्ही नामे एकाच लिंगाची असता मात्र सर्वनाम अपुरे पडते, आणि 'मुलाने ते जपून ठेवले' असे नामच पुन्हा योजावे लागते.

म्हणून केवळ 'नाम खोडा, सर्वनाम लिहा' एवढ्या अभ्यासावर थांबणे इष्ट नव्हे. प्रत्येक सर्वनामापाशी 'कोण?' अथवा 'काय?' असे मुलास विचारावे. उत्तर एकच आले, तर सर्वनाम राहू द्यावे. दोन आली, तर नामास परत बोलवावे. सर्वनाम केव्हा योजू नये हे ज्या मुलास उमगले, त्यासच ते खऱ्या अर्थाने आले.