निवासगृहातली काळजी: ती चांगली हे ओळखायचं कशावरून?

आज आपण एकच प्रश्न हाती घेणार आहोत. शरीरानं अपंग असलेली प्रौढ माणसं जिथे कायमची राहतात, अशा निवासगृहातली काळजी चांगली की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

पाहुणे म्हणून आपण अशा ठिकाणी जातो तेव्हा फरशी बघतो, चादरी बघतो, स्वयंपाकघरात डोकावतो आणि वहीत चांगला शेरा लिहून निघतो. हे बघायलाच हवं. मज्जारज्जूला इजा होऊन ज्याच्या कमरेखालची संवेदना गेली आहे, अशा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही तर अंगाला जखमा होतात, त्या चिघळतात, जिवावरही बेततात. लघवीच्या नळीची स्वच्छता राखली नाही तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचतो. इथे हयगय असेल तर बाकीची चर्चाच व्यर्थ. पण समजा, हे सगळं बिनचूक होतं आहे. मग काळजी पूर्ण झाली का?

याचं उत्तर शोधताना इंग्लंडमधल्या एका घराचा इतिहास उपयोगी पडतो. हॅम्पशर परगण्यात 'ल कोर्ट' नावाचा एक वाडा होता. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणून गाजलेले लेनर्ड चेशायर यांनी १९४८ मध्ये तिथे एका मरणासन्न माणसाला आणलं आणि स्वतःच्या हातांनी त्याची शुश्रूषा केली. त्यातून चेशायर होम्स उभी राहिली. आपल्या मुंबईतही १९५० च्या दशकात अंधेरीला असं घर निघालं. हेतूच्या शुद्धतेबद्दल शंका घ्यायला इथे जागा नाही.

याच 'ल कोर्ट'मध्ये १९५६ साली पॉल हंट नावाचा तरुण राहायला आला. स्नायू क्षीण होत जाण्याचा त्याला आजार होता. पुढच्या काही वर्षांत तिथल्या रहिवाशांचे व्यवस्थापनाशी खटके उडू लागले. कशावरून? झोपायचं कधी, मद्य घ्यायचं की नाही, स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी मोकळेपणानं वागायचं की नाही, यावरून. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा गोष्टींसाठी भांडण! पण बघा, तीस वर्षांच्या माणसाला कोणीतरी रोज ठरावीक वेळी अंथरुणात घालतं आणि त्याला ते नाकारता येत नाही, तेव्हा त्याच्या प्रौढपणातलं उरलं काय?

रहिवाशांनीच मग संशोधकांना बोलावणं धाडलं. एरिक मिलर आणि जेराल्डीन ग्विन यांनी अभ्यास केला आणि १९७२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. संस्थांचे दोन नमुने त्यांनी वर्णिले. एक गोदामाचा: माणूस जपून ठेवायचा, म्हणजे शक्य तितका काळ जिवंत ठेवायचा. दुसरा बागेचा: त्याच्यातल्या क्षमतांना खतपाणी घालायचं. संस्थेत येणारा माणूस समाजाच्या लेखी मेलेलाच असतो, असंही त्यांनी नोंदवलं. हंट संतापला. त्याचं म्हणणं असं की, ही सामाजिक मरणाची शिक्षा कोणी दिली आणि ती रद्द कशी करायची, हे विचारायचं सोडून संशोधक ती सुसह्य कशी करावी याचाच विचार करत बसले. त्याच वर्षी त्यानं 'गार्डियन' दैनिकात पत्र लिहून अपंगांनी स्वतःची संघटना उभारावी असं आवाहन केलं, आणि तशी संघटना उभी राहिली.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनं या वादाचं मर्म एका भेदात आहे. परावलंबन दोन प्रकारचं असतं: कृतीचं आणि निर्णयाचं. मंत्री स्वतः गाडी चालवत नाही. म्हणून कुठे जायचं हे ड्रायव्हर ठरवत नाही. हात दुसऱ्याचे, निर्णय आपला, यात कमीपणा कसलाच नाही. मात्र माणूस चालू शकत नाही, जेवू शकत नाही असं दिसलं की आपण नकळत पुढची उडी मारतो: त्याला कळतही नसणार. डॉक्टर त्याच्यासमोर त्याच्या भावाला विचारतात, "यांना भूक लागते का?" कृतीच्या परावलंबनातून निर्णयाचं परावलंबन निघतं, असं आपण गृहीत धरतो. तर्कदृष्ट्या ते निघत नाही.

आता कोणी म्हणेल, हे भाषणात ठीक आहे. रात्रपाळीला एकच सेविका आणि वीस माणसं असतील तर प्रत्येकाच्या मर्जीनं दिवे कसे मालवणार? हा आक्षेप खरा आहे, तो झटकून चालणार नाही. संस्थेचं घड्याळ बहुतेक वेळा सेवकांच्या पाळ्यांवर लावलेलं असतं. म्हणून काळजीचा दर्जा सेवकांची संख्या, त्यांचा पगार आणि त्यांच्या विश्रांतीशी बांधलेला आहे. जिला स्वतःला कोणी काही विचारत नाही, तिनं दुसऱ्याला सतत विचारत राहावं ही अपेक्षा जरा जास्तच झाली. पण दारावर टकटक करून आत येणं, घास भरवण्याआधी "आधी भात देऊ की पोळी?" म्हणून विचारणं, रात्री चाकाची खुर्ची हाताच्या अंतरावर ठेवणं, याला पैसा लागत नाही.

शिवाय निवासगृह हाच एकमेव मार्ग असंही नाही. १९७९ च्या सुमारास 'ल कोर्ट'मधल्याच काही रहिवाशांनी 'प्रोजेक्ट ८१' नावानं मागणी मांडली: आमच्यासाठी संस्थेला जो पैसा देता तो आम्हाला द्या, आम्ही बाहेर घर करू, मदतनीस नेमू. त्यातले काही खरोखर बाहेर पडले. पुढे १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये असे पैसे थेट व्यक्तीला देण्याचा कायदाही झाला.

आपल्याकडेही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क सांगतं. अमुकच व्यवस्थेत राहा अशी सक्ती करता येत नाही. आणि अपंगांनी स्वतःच कारभार हाती घेतला तर काय होतं, हे बघायचं तर कोल्हापूरला जावं. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये तिथे 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केली.

तेव्हा पुढच्या खेपेला अशा घरात गेलात तर चादरींबरोबर आणखी काही गोष्टी विचारा, आणि त्या व्यवस्थापकांना नको, रहिवाशांना विचारा. काल तुम्ही कधी झोपलात, आणि ती वेळ कोणी ठरवली? तुमच्या अंगाला हात लावण्यापूर्वी विचारतात का? तुमचे पैसे, तुमचा फोन कोणाच्या ताब्यात असतो? तक्रार कोणाकडे करता?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच हातून उद्या सकाळी अंघोळ घालून घ्यायची असते, घास घ्यायचा असतो. म्हणून रहिवासी गप्प असला की तो समाधानी आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई आपण करू नये. जिथे माणूस "नको" म्हणू शकतो, आणि तसं म्हटल्यावरही त्याचा चहा वेळेवर येतो, तिथली काळजी चांगली आहे असं म्हणायला हरकत नाही.