डॉनचं घर आणि हुडकोतलं घर

मुंबईचा डॉन अरुण गवळी याच्या आयुष्यावरचा ‘डॅडी’ हा चित्रपट ८ सप्टेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच्याबद्दल लगेच दोन तट पडले. एका तटाने छायाचित्रणाचं, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मुंबईच्या उभारणीचं आणि अर्जुन रामपालच्या कामाचं मनापासून कौतुक केलं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, कोण कोणाला का मारतंय हेच कळत नाही, आणि कळतं तेव्हा काही वाटत नाही. तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. भिलाईत बसून त्याच्याविषयी लिहावंसं वाटतं ते या वादात बाजूला राहिलेल्या एका प्रश्नामुळे: कॅमेरा कुणाच्या घरात शिरतो?

आधी चित्रपटाचं श्रेय त्याला देऊ. दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांचा ‘मिस लव्हली’ २०१२ साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला होता. मोजक्या पैशात गतकाळ कसा उभा करायचा, हे त्यांना चांगलं जमतं. जुना रस्ता दाखवायचा तर पाट्या, गाड्या, विजेचे खांब सगळंच बदलावं लागतं, आणि त्यातच बजेट संपतं. मग कॅमेरा आत शिरतो. चाळीचा अंधारा जिना, कोंदट खोली, पिवळा उजेड, भिंतीला टेकून बसलेली माणसं. ‘डॅडी’त ही अडचण शैली बनली आहे आणि ती डोळ्यांत भरते.

गोष्टही सरळ पुढे जात नाही. वेगवेगळी माणसं गवळीविषयी सांगतात आणि निशिकांत कामत यांनी रंगवलेला पोलीस अधिकारी ते धागे जुळवत राहतो. रामा नाईक आणि बाबू रेशीम कोण, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तुकडे लागतात. ज्याला ठाऊक नाही तो मध्यंतरापर्यंतही टिकत नाही. संमिश्र प्रतिसादाचं निम्मं कारण एवढंच.

उरलेलं निम्मं कारण घरात आहे. १९७२ च्या ‘गॉडफादर’ने गुन्हेगाराला लग्नमांडवात आणि जेवणाच्या टेबलावर नेऊन बसवलं. आपल्याकडे १९९८ च्या ‘सत्या’ने तेच फार थोड्या पैशात केलं. भिकू म्हात्रेचं बायकोशी चाललेलं भांडण लोकांना त्याच्या गोळीबाराइतकंच आठवतं. घर दाखवायला स्वस्त पडतं आणि प्रेक्षकाला लगेच जवळचं वाटतं. पण ज्याच्या घरात आपण दोन तास बसतो, त्याचा न्याय करणं मग अवघड होतं. ‘डॅडी’ तर गवळीच्या संमतीने बनला आणि रामपाल स्वतः त्याच्या लेखकांपैकी एक. चित्रपट गवळीला देव बनवत नाही, हे मान्य. तरीही आपण सगळा वेळ त्याच्या बाजूने उभे असतो, आणि टीकाकारांना खटकलं ते हेच.

त्याच्यापाठी गिरणगाव आहे, हेही विसरून चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि पोरं टोळ्यांकडे वळली. जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० च्या ‘लालबाग परळ’मध्ये अशाच एका कामगार कुटुंबाची फाटाफूट दाखवली. माझ्या मते या साऱ्या प्रकारातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट तीच. तिथे घर डॉनचं नाही, पोरगा गमावणाऱ्या आईबापाचं आहे.

कारण गोळी शेवटी कुणाच्या तरी घरात शिरते. शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना २ मार्च २००७ रोजी घाटकोपरला त्यांच्या घरात शिरून मारलं गेलं. याच खुनाच्या खटल्यात गवळीला २०१२ साली जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये तो नागपूरच्या तुरुंगातून बाहेर आला, त्या दिवशी वाहिन्यांचे कॅमेरे त्याच्यावरच होते.

भिलाईला असं गोळी शिरलेलं घर फार जवळून माहीत आहे. शंकर गुहा नियोगी तरुणपणी भिलाई पोलाद कारखान्यात काम करत होते. पुढे दल्लीराजहराच्या खाणकामगारांची संघटना त्यांनी बांधली आणि नंतर भिलाईतल्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी लढा उभारला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात झोपेत असताना खिडकीतून त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. मागे पत्नी आशा आणि क्रांती, जीत, मुक्ती ही मुलं राहिली. पुढच्याच वर्षी १ जुलैला पॉवर हाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक कामगार मेले.

नियोगींच्या खुनाबद्दल दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये सुपारी घेऊन गोळी झाडणाऱ्या पल्टन मल्लाहला फाशी आणि दोन उद्योगपतींसह इतर पाच जणांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सगळ्यांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एकट्या मल्लाहची सुटका रद्द करून त्याला जन्मठेप दिली. बाकीचे निर्दोषच राहिले. 

हा विषय हाताळणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. न्यायालयाने सोडलेल्यांना पडद्यावर गुन्हेगार ठरवण्याचा हक्क कुणालाही नाही. पण भाडोत्री मारेकऱ्याला शिक्षा झाली आणि त्याला कुणी पाठवलं हे शाबीत झालं नाही, एवढं सत्यसुद्धा चित्रपटाला पुरून उरेल. त्यासाठी जुनी मुंबई उभारावी लागत नाही की विदेशी गाड्या आणाव्या लागत नाहीत. एक क्वार्टर, दल्लीराजहराची लाल माती, दुर्गचं न्यायालय आणि मोर्चाला येणारी माणसं, सगळं इथेच आहे.

‘डॅडी’ पाहावा, छायाचित्रणासाठी दोनदा पाहावा. पण भिलाईत आणि नागपुरात कॅमेरा हाती घेऊन विषय शोधणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे: पुढचा कमी खर्चाचा चित्रपट मारल्या गेलेल्याच्या घरात शिरून करा. २००५ चं निकालपत्र कुणालाही वाचायला मिळतं. सुरुवात तिथून करा.