रक्तवाहिनीत नलिका घालण्याचे साधन

रक्तवाहिनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नलिका, घालण्याची आज रूढ असलेली पद्धती स्वीडनमधील क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. प्रथम सुई टोचावयाची, तिच्यातून लवचिक तार सारावयाची, सुई काढून तारेवरून नलिका आत न्यावयाची व शेवटी तार ओढून घ्यावयाची, असा हा क्रम होय. वाहिनी कापून उघडी करावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु प्रत्येक पायरीस हातातील वस्तू बदलावी लागते. तेवढ्यात सुईचे टोक वाहिनीबाहेर सरकते, उघड्या तोंडातून हवा आत शिरते, क्वचित तार सुटून शरीरातच राहते. हे धोके केवळ कौशल्याने टाळावयाचे, तर अनुभवी हात सदैव हजर हवा. डाळजसारख्या गावातील रुग्ण ज्या लहानशा रुग्णालयात प्रथम पोहोचतो, तेथे तो असेलच असे नाही. म्हणून सावधगिरी साधनाच्या रचनेतच असावी. सुई, तार व नलिका एकाच पारदर्शक आवरणात बसवाव्यात; तारेचे मागील टोक मुठीशी जखडावे, म्हणजे मूठ काढताच तारही निघेल; हवेला झडपेने अडवावे. भाग मात्र मोजकेच ठेवावेत. कारण भाग वाढले की बिघाडाच्या जागाही वाढतात. साधन सोपे झाल्याने वैद्याची दक्षता अनावश्यक ठरत नाही; ती हत्यारावरून रुग्णाकडे वळते, इतकेच.