कार्बोरेटर घरीच खोलायचा की गॅरेजमध्ये द्यायचा? पैसे घालवण्याआधी हे समजून घ्या

पावसाळ्यातली सकाळ. कान्हे स्टेशनवरून पुण्याची लोकल पकडायची आहे, किंवा कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला पोहोचायचं आहे. दहा किका मारल्यावर बाइक सुरू होते आणि चोक बंद केला की लगेच बंद पडते. लोकल गेली की अर्धा दिवस गेला. शिफ्ट चुकली तर खाडा.

अशा वेळी कुणीतरी सांगतं, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, खोलून साफ कर." मोबाइलवर त्याचे व्हिडिओही भरपूर सापडतात. पण हे काम खरंच घरी करण्यासारखं आहे का?

तुमच्या बाइकला कार्बोरेटर आहे का?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या जवळपास सगळ्या बाइकमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्याआधीच्या स्प्लेंडर, पल्सर, शाइन, जुन्या बुलेट आणि आरएक्स १०० यांच्यात मात्र कार्बोरेटर आहे. मावळातल्या रस्त्यांवर अशा गाड्या आजही रोज धावतात.

कार्बोरेटर नेमकं काय करतो?

पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनला देणं, एवढंच त्याचं काम. टाकीतलं पेट्रोल आधी खालच्या छोट्या वाटीत येतं. वाटी भरली की त्यातला फ्लोट वर उचलला जातो आणि नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल बंद करतो. संडासाच्या फ्लशच्या टाकीतला बॉल जसं पाणी थांबवतो, तसंच हे.

वाटीतलं पेट्रोल पुढे पितळी जेटमधून जातं. गाडी स्लोमध्ये उभी असताना पायलट जेट काम करतो, रेस वाढवली की मेन जेट. पायलट जेटचं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यात चिकट थर बसला की स्लो टिकत नाही आणि गाडी फक्त चोकवर चालते.

कचरा येतो कुठून?

कारणं मुख्यतः तीन.

- गाडी उभी राहणं: आठवडेच्या आठवडे गाडी हलली नाही, तर वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट डिंकासारखा थर राहतो.
- पाणी: मावळात पाऊस मुबलक. टाकीच्या झाकणाचं रबर गेलं असेल, तर उघड्यावर लावलेल्या गाडीत पाणी उतरतं.
- इथेनॉल: पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि कार्बोरेटरला पेट्रोल तळाकडूनच जातं.

काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, असं केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये म्हटलं होतं. म्हणून जुन्या बाइकच्या बाबतीत फक्त साफसफाई कधी कधी पुरत नाही, आतलं किटही बदलावं लागतं.

थांबा, दोष कार्बोरेटरचाच आहे का?

पाना हातात घेण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी करा:

- स्पार्क प्लग काळा किंवा ओला झालाय का?
- एअर फिल्टर भिजलाय किंवा चोंदलाय का?
- पेट्रोल कॉक 'ऑन'वर आहे का? पाइपमधून पेट्रोल नीट येतंय का?
- टाकीचं झाकण उघडल्यावर गाडी नीट चालते का? तसं असेल तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं असू शकतं.
- वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला, तर पाणी आलंय.

फक्त पाणी असेल तर कार्बोरेटर खोलायची गरज लागेलच असं नाही. पण वाटी रिकामी करून भागत नाही, टाकीतलं पाणीही काढावं लागतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घरी केल्यास किती वाचतात?

साध्या १००-१२५ सीसी बाइकचं किट साधारणपणे काही शे रुपयांत मिळतं. वाचते ती मजुरी. पण पहिल्यांदा करताना चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि क्लीनर स्प्रे विकत घ्यावा लागतो. त्यामुळे पहिल्या वेळी बचत जवळपास शून्य. फायदा दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून, किंवा घरात दोन-तीन जुन्या गाड्या असतील तर.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

- जेटमध्ये तार घालणं: पितळ मऊ असतं. भोक किंचित मोठं झालं तरी गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागते. स्प्रे आणि हवेचं प्रेशर वापरा.
- स्क्रूचे आटे न मोजणं: मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती आटे गेला ते लिहून ठेवा. बसवताना तितकाच बाहेर ठेवा.
- चुकीचा स्क्रू ड्रायव्हर: जपानी बनावटीच्या कार्बोरेटरचे स्क्रू साध्या फुलीसारखे दिसतात, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. डोकं घासलं गेलं की शेवटी गॅरेजच गाठावं लागतं.
- रबरावर स्प्रे मारणं: ओ-रिंग फुगतात. आधी रबरी भाग काढून ठेवा.
- आगीकडे दुर्लक्ष: घरात, देवघराजवळ, गॅस किंवा सिगारेटजवळ हे काम करू नका. इंजिन थंड झालेलं असावं आणि जागा मोकळी हवेशीर असावी.

प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. जोडताना तेच उपयोगी पडतात.

गॅरेजमध्येच कधी द्यायचं?

- कार्बोरेटरला सेन्सरची वायर जोडलेली असेल तेव्हा.
- आत पातळ रबरी पडदा म्हणजे डायफ्राम असेल आणि तुमची पहिलीच वेळ असेल तेव्हा.
- किट बदलूनही ओव्हरफ्लो थांबत नसेल तेव्हा. गळणारं पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये गेलं तर खर्च कैकपट वाढतो.
- आरएक्स १०० सारखी टू-स्ट्रोक गाडी असेल तेव्हा. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तर इंजिन तापून पिस्टन जाम होऊ शकतो.

गॅरेजमध्ये देतानाही दोन गोष्टी विचारा: फक्त साफ करणार की किट बदलणार? आणि बदललेले जुने भाग परत मिळतील का? बिल पटतंय की नाही, हे या दोन उत्तरांवरून कळतं.

मग करायचं काय?

पाणी काढणं, प्लग आणि फिल्टर बघणं ही कामं प्रत्येकाला घरी यायला हवीत. साध्या बाइकचे जेट साफ करणं सुट्टीच्या दिवशी, हाताशी वेळ असताना शिका. सोमवारी सकाळी लोकलच्या आधी नको. बाकीचं मेकॅनिककडे.

आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर पेट्रोल कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन मोकळ्या जागेत चालू ठेवा. कॉक नसेल तर ड्रेन स्क्रूने वाटी रिकामी करा. खर्च शून्य, आणि पुढची बरीच कटकट वाचते.