लेकराला काय समजते? : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाळापूर, पातूर, तेल्हारा, बार्शीटाकळी अशा तालुक्यांतून दवाखान्याच्या, कचेरीच्या किंवा मुलांच्या शिकवणीच्या निमित्ताने अकोल्यात येणारी माणसे आमच्या जठारपेठेत रोज भेटतात, आणि कपाशीच्या भावापासून आरंभ झालेले त्यांचे बोलणे घरातल्या मुलांपर्यंत पोहोचले, की एक वाक्य हमखास ऐकू येते : “लेकरू हाय, त्याले काय समजते? इसरून जाईल.” या वाक्यामागे निष्ठुरता नसते, मायाच असते, परंतु नापिकीने, कर्जाने आणि खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्याने ज्या मुलखातली घरे पिढ्यानपिढ्या गांजलेली आहेत, तेथे हा समज मुलांना फार महाग पडतो.

वस्तुस्थिती अशी, की शब्द उमगण्याच्या कितीतरी आधी मुलाला चेहरा उमगतो. आईची मुद्रा निर्विकार झाली की काही महिन्यांचे तान्हे मूलही अस्वस्थ होते, हात हलवून, आवाज करून तिला आपल्याकडे वळवू पाहते, आणि ते साधले नाही तर रडू लागते. मृत्यूविषयी म्हणाल, तर साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मुलाला त्याचा कायमपणा आकळत नाही, हे खरे; पण त्याचा अर्थ त्याला दुःख होत नाही असा नव्हे. ते वाट पाहत राहते, आणि पुष्कळदा घडल्या प्रसंगाचा दोष मनातल्या मनात स्वतःकडे घेते. वडिलांच्या अकाली निधनानंतर एका घरात पाच वर्षांच्या मुलाला “बाबा गावाले गेले” असे सांगण्यात आले होते. तो मुलगा फाट्यावर एस. टी. थांबली, की उतरणाऱ्या प्रत्येकाकडे टक लावून पाहत उभा राही. आणि पुढे आई आठवडी बाजाराला निघाली तरी तो तिचा पदर सोडीना, कारण गावाला गेलेले माणूस परत येत नाही, एवढे त्याने अनुभवाने पक्के केले होते. अशा मुलाला सांगावयाचे ते साध्या शब्दांत, आणि त्याने विचारले तितक्या वेळा सांगावे : बाबा वारले, ते आता परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही, आणि मी तुझ्याजवळ आहे.

दुसरा समज असा, की खेड्यात मोकळे अंगण आहे, आजी-आजोबा आहेत, भावकी आहे, तेव्हा मुलाच्या मनाची निराळी तजवीज कशाला? यात अर्धे सत्य आहे, आणि ते अर्धे सत्य मोलाचे आहे. हवाई बेटांपैकी कवाई या ऊस-अननसाच्या मळ्यांच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे आजार अशा अनेक आपत्ती ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या होत्या, अशा मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले कर्ती आणि मायाळू माणसे झाली. आणि त्यांच्यापाशी बहुधा आजी, थोरले भावंड, शिक्षक किंवा शेजारी असे निदान एक तरी भरवशाचे माणूस होते. “बापाविना पोर वाया जाते” या निराशेला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. मात्र घर माणसांनी भरलेले असूनही निंदणी-वेचणीच्या दिवसांत मुलाचे बोलणे पुरते ऐकून घेणारे कोणी नसेल, तर त्या गर्दीचा त्याला उपयोग नाही.

मुलग्याने रडू नये, आणि धाक असल्याशिवाय मूल सुधारत नाही, हे दोन समज जोडीने नांदतात. माराने मूल गप्प होते, एवढेच. राग आवरावा कसा, हे त्याला त्यातून समजत नाही. शाळेपुरता तर कायदाही स्पष्ट आहे : २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे.

अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याची जागा, हा समज अमरावती-अकोल्याकडच्या माणसाने तरी बाळगू नये. अंगणवाडीच्या कल्पनेमागच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम करून त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण मुलांसाठी केंद्र उघडले आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची साधी, पण क्रांतिकारक दृष्टी होती. आजच्या अंगणवाड्या जिच्यातून उभ्या राहिल्या, त्या २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या उद्दिष्टांतही बालकाच्या मानसिक आणि सामाजिक विकासाचा पाया घालणे हे शब्द आहेत. गाणे म्हणताना आपली पाळी येईपर्यंत थांबणे, एकच चेंडू दोघांनी खेळणे, रुसलेल्या सवंगड्याला हात धरून परत आणणे : मुलाच्या मनाची घडण यातूनच होते. सेविकेच्या वेळेचा मोठा भाग नोंदवह्या भरण्यात जाऊ लागला, की पहिला घाला या खेळावर पडतो, आणि त्याबद्दल गावाने ग्रामसभेत अवश्य विचारावे.

“आपल्याकडची माणसे मनाच्या दुखण्यासाठी कोणाकडे जात नाहीत,” असेही म्हटले जाते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन प्रौढांच्या नैराश्याविषयी काम केले, तेव्हा मदत घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आईबाप सावरले, की मुलाला निश्चिंतपणा लाभतो, म्हणून हा आकडा मुलांच्याही हिताचा आहे. एखादे मूल आठवडेच्या आठवडे खेळेनासे झाले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, डोके-पोट दुखते म्हणून शाळा टाळू लागले किंवा मरणाची भाषा करू लागले, तर झपाटल्याची शंका घेऊन दिवस दवडू नयेत. आशाताईंना सांगावे, जिल्हा रुग्णालय गाठावे, अथवा टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो निःशुल्क आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येते.